ऋण पायात पूर्णांक: चिन्ह न लावता ऋण संख्या लिहिण्याची रीत

दशमान पद्धतीत पाया दहा, द्विमान पद्धतीत दोन. तोच पाया ऋण दहा किंवा ऋण दोन घेतला, तरी अंक तेच राहतात आणि स्थानेही तीच राहतात. बदलते ती एक गोष्ट: प्रत्येक दुसऱ्या स्थानाची किंमत ऋण होते. या एका बदलामुळे ऋण संख्येपुढे उणे चिन्ह लावायची गरज उरत नाही, धन की ऋण हे अंकांच्या नुसत्या मोजणीवरून कळते आणि ९ व ११ यांच्या विभाज्यतेच्या कसोट्या चक्क जागा बदलतात. बेरीज मात्र नेहमीच्या सवयीने केली की हमखास चुकते. ती का चुकते हे कळले की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते.

इटलीचे गणिती व्हिट्टोरियो ग्रुनवाल्ड यांनी १८८५ साली ऋण पायातल्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार अशा सगळ्या क्रिया मांडल्या होत्या. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पोलंडमध्ये ऋण दोन या पायावर चालणारा ‘बिनेग’ हा प्रायोगिक संगणक बांधला गेला आणि त्याच धर्तीवर यूएमसी-१ हा संगणक आला. म्हणजे ही पद्धत कागदापुरती राहिलेली नाही. संगणकांत ती टिकली नाही हेही खरेच, आणि त्याची कारणे क्रिया करताना दिसतीलच.

पुढे ऋण दहा पायातल्या लेखनाला ‘ऋणदशमान’ आणि ऋण दोन पायातल्या लेखनाला ‘ऋणद्विमान’ म्हटले आहे. हाताने सराव करायला ऋणदशमान सोपे, प्रोग्राम लिहायला ऋणद्विमान.

स्थानांच्या किमती

ऋणदशमानात एककाची किंमत १, दशकाची −१०, शतकाची १००, हजाराची −१०००, दशहजाराची १०००० आणि लाखाची −१०००००. अंक ० ते ९ एवढेच. ऋण अंक नाहीत.

वाचायला काहीच अवघड नाही. ऋणदशमान ४४५ म्हणजे ४०० − ४० + ५, म्हणजे आपले ३६५. ऋणदशमान १७७५ म्हणजे −१००० + ७०० − ७० + ५, म्हणजे −३६५. दोन्हींपुढे कुठलेही चिन्ह नाही.

ऋणद्विमानात किमती उजवीकडून १, −२, ४, −८, १६, −३२ अशा जातात. सुरुवातीच्या संख्या एकदा लिहून काढाव्यात, त्याने हात बसतो:

० → ०
१ → १
२ → ११०
३ → १११
४ → १००
५ → १०१
६ → ११०१०
७ → ११०११
८ → ११०००
९ → ११००१
१० → ११११०

−१ → ११
−२ → १०
−३ → ११०१
−४ → ११००
−५ → ११११
−६ → १११०
−७ → १००१
−८ → १०००
−९ → १०११
−१० → १०१०

५ वरून ६ वर जाताना तीन अंकांवरून एकदम पाच अंकांवर उडी पडते. चार अंकांची धन संख्या इथे असूच शकत नाही. कारण पुढे येते.

रूपांतर: भागाकाराची रीत

दिलेल्या संख्येला −१० ने भागायचे, बाकी लिहायची, भागाकाराला पुन्हा −१० ने भागायचे आणि भागाकार शून्य होईपर्यंत हे चालू ठेवायचे. बाक्या शेवटापासून सुरुवातीकडे वाचल्या की उत्तर. अट एकच, आणि ती सोडून चालत नाही: बाकी नेहमी ० ते ९ मधलीच हवी. ऋण बाकी चालत नाही.

३६५ घेऊ.

३६५ = (−१०) × (−३६) + ५. बाकी ५.
−३६ = (−१०) × ४ + ४. बाकी ४.
४ = (−१०) × ० + ४. बाकी ४.

खालून वर वाचले की ४४५.

आता −३६५.

−३६५ = (−१०) × ३७ + ५. बाकी ५.
३७ = (−१०) × (−३) + ७. बाकी ७.
−३ = (−१०) × १ + ७. बाकी ७.
१ = (−१०) × ० + १. बाकी १.

उत्तर १७७५.

चुका होतात त्या −३६ आणि −३६५ यांसारख्या पायऱ्यांवर. −३६ ला −१० ने भागताना मनात ‘तीन वेळा, बाकी सहा’ असे येते. पण (−१०) × ३ = −३०, त्यामुळे उरतात ते −६, सहा नव्हेत. भागाकार एकने वाढवून ४ घेतला की −४० होतात आणि बाकी +४ येते. भाज्य ऋण असेल तेव्हा भागाकार असा एक पाऊल पुढचा घ्यावा लागतो. नेमका भाग गेला तर नाही.

प्रोग्राम लिहिताना हीच अडचण दुसऱ्या रूपात येते. सी आणि जावा या भाषांत पूर्णांकांचा भागाकार शून्याच्या दिशेने कापला जातो, म्हणून −३६ भागिले −१० केल्यावर ३ आणि बाकी −६ मिळते. पायथनमध्ये भागाकार खालच्या पूर्णांकाकडे जातो आणि बाकीला भाजकाचे चिन्ह येते, म्हणून तिथे −३६ ला तर हेच होते, शिवाय ३६५ भागिले −१० करतानाही −३७ आणि बाकी −५ मिळते. सगळीकडे उपाय मात्र एकच: बाकी शून्यापेक्षा लहान आली तर बाकीत १० मिळवा आणि भागाकारात १ मिळवा. भागाकार एकने वाढला की (−१०) × भागाकार हे पद दहाने कमी होते आणि बाकी दहाने वाढते, त्यामुळे बेरीज तीच राहते. ऋण दोनसाठी दहाच्या जागी दोन घ्या.

आणखी एक किरकोळ पण नेहमीची चूक: ‘संख्या शून्य होईपर्यंत भागत राहा’ असा फेरा लिहिला की शून्य ही संख्या दिल्यावर फेरा एकदाही फिरत नाही आणि उत्तर रिकामे येते. शून्याची सोय वेगळी करा.

ही रीत प्रत्येक पूर्णांकाला एकच लेखन देते. शेवटचा अंक हा संख्येला दहाने भागल्यावर उरणाऱ्या धन बाकीइतकाच असावा लागतो, कारण बाकी सगळी स्थाने दहाच्या पटीत आहेत. म्हणजे तिथे निवडीला वावच नाही. तो अंक वजा करून −१० ने भागले की पुढच्या अंकाबाबत पुन्हा तेच. रीत थांबते हेही उघड आहे: भागाकाराचा आकार दर पायरीला साधारण दहापट घटतो. −१ वर क्षणभर अडखळल्यासारखे होते, कारण −१ = (−१०) × १ + ९, म्हणजे भागाकार १, आकाराने तेवढाच. पण पुढच्याच पायरीला १ चा भागाकार शून्य होतो. म्हणून −१ चे लेखन १९. साध्या दहा पायात हाच प्रयोग केला तर −१ चा भागाकार पुन्हा −१ येतो आणि नऊ लिहिता लिहिता कागद संपतो. म्हणून तिथे उणे चिन्ह लागते आणि इथे लागत नाही.

भागाकार न करता: दशमानातून थेट

रोजच्या दशमान संख्येवरून ऋणदशमान लिहायला भागाकाराची गरज नाही. उजवीकडून डावीकडे एक फेरी पुरते.

धन संख्येसाठी: एकक, शतक, दशहजार या स्थानांवरचा अंक तसाच उतरवा. दशक, हजार, लाख या स्थानांवरचा अंक दहातून वजा करून लिहा आणि डावीकडच्या स्थानाला हातचा १ द्या. त्या स्थानावर शून्य असेल तर शून्यच लिहा, हातचा नाही. आलेला हातचा आधी अंकात मिळवायचा आणि मगच नियम लावायचा. मिळवून दहा झाले तर कुठल्याही स्थानावर ० लिहून हातचा १.

२९७४ घेऊ. एकक ४, तसेच ४. दशक ७, लिहायचे ३, हातचा १. शतक ९ आणि १ मिळून १०, लिहायचे ०, हातचा १. हजार २ आणि १ मिळून ३, लिहायचे ७, हातचा १. दशहजारावर काही नाही, म्हणून नुसता हातचा १. उत्तर १७०३४. पडताळा: १०००० − ७००० + ० − ३० + ४ = २९७४.

ऋण संख्येसाठी भूमिका उलटतात. आता दशक, हजार, लाख तसेच उतरतात. एकक, शतक, दशहजार दहातून वजा होऊन हातचा देतात. −३६५ मध्ये एकक ५ चे ५ आणि हातचा १, दशक ६ अधिक १ म्हणजे ७, शतक ३ चे ७ आणि हातचा १, हजारावर १. उत्तर १७७५, वर भागाकाराने आले तेच.

यातून सहज दिसते की कोणत्या धन संख्या दोन्ही पद्धतींत सारख्याच लिहिल्या जातात: ज्यांच्या दशक, हजार, लाख स्थानी शून्ये आहेत त्या. ५०७ किंवा ३०२०९ हे ऋणदशमानातही ५०७ आणि ३०२०९ च. ऋणद्विमानात हेच गुणधर्म असणाऱ्या संख्या म्हणजे ४ च्या वेगवेगळ्या घातांच्या बेरजा: १, ४, ५, १६, १७, २०, २१ अशा. त्यावरून एक सुरेख गोष्ट निघते. कोणताही पूर्णांक ‘या यादीतली (किंवा शून्य) एक संख्या उणे तशाच एका संख्येची दुप्पट’ असा एकाच प्रकारे लिहिता येतो. उजवीकडचे पहिले स्थान शून्य धरले, तर पहिली संख्या सम स्थानांवरच्या बिटांतून (म्हणजे ० किंवा १ या अंकांतून) येते, दुसरी विषम स्थानांवरच्या. ६ साठी ती जोडी १६ आणि ५: १६ − १० = ६.

लांबीवरून चिन्ह

अंकांची संख्या विषम असेल तर संख्या धन, सम असेल तर ऋण. (सुरुवातीची शून्ये मोजायची नाहीत, स्वतः शून्याला अर्थातच चिन्ह नाही.) ऋणदशमानात लांबीप्रमाणे पट्टे असे पडतात:

एक अंक: ० ते ९
दोन अंक: −९० ते −१
तीन अंक: १० ते ९०९
चार अंक: −९०९० ते −९१
पाच अंक: ९१० ते ९०९०९

टोके कशी काढायची? तीन अंकांतली सगळ्यात मोठी संख्या हवी तर धन स्थानांवर ९ आणि ऋण स्थानावर ०: म्हणजे ९०९. सगळ्यात लहान हवी तर उलट: शतकावर कमीत कमी १, दशकावर ९, एककावर ०, म्हणजे १९०, आणि त्याची किंमत १०. पट्टे एकमेकांना कुठेही झाकत नाहीत आणि मध्ये फटही राहत नाही.

मात्र शून्याच्या दोन्ही बाजूंना जागा सारखी नाही. ऋणद्विमानाच्या आठ बिटांत −१७० ते ८५ बसतात. ऋण बाजूला धन बाजूच्या नेमकी दुप्पट जागा. सात बिट घेतले तर उलट: −४२ ते ८५. प्रोग्रामरला हे फार त्रासदायक, कारण एखादी संख्या बसली म्हणून तिची विरुद्ध संख्या बसेलच असे नाही. आठ बिटांत −१०० बसते, १०० बसत नाही.

लहान-मोठे कसे ओळखायचे

नेहमीसारखी डावीकडून तुलना केली तर निम्म्या वेळा उत्तर उलटे येते. बरोबर रीत अशी: दोन्ही संख्या एककाला एकक लावून एकाखाली एक लिहा, कमी अंकांच्या संख्येपुढे शून्ये भरा, डावीकडून पहिला वेगळा अंक शोधा. तो एकक, शतक, दशहजार या स्थानांपैकी कुठे असेल तर मोठ्या अंकाची संख्या मोठी. दशक, हजार, लाख यांपैकी कुठे असेल तर मोठ्या अंकाची संख्या लहान.

४४५ आणि ४५५: फरक दशकावर. ५ मोठा, म्हणून ४५५ लहान. खरोखर ४५५ म्हणजे ३५५ आणि ४४५ म्हणजे ३६५. उजवीकडचे अंक हा निकाल फिरवू शकत नाहीत, कारण उदाहरणार्थ शेवटचे तीन अंक मिळून −९० ते ९०९ एवढाच पल्ला गाठतात. त्यात जास्तीत जास्त फरक ९९९, आणि हजाराच्या एका अंकाने पडणारा फरक १०००.

फाइलमधल्या नोंदी मजकूर म्हणून क्रमाने लावणारी कोणतीही सोय इथे निरुपयोगी ठरते, हे लक्षात असू द्या.

बेरीज आणि उलटा हातचा

इथे थोडे थांबायला हवे. साध्या दशमानात एका स्तंभात दहा झाले की डावीकडे एक जातो, कारण दहा एकक म्हणजे एक दशक. इथे डावीकडच्या स्थानाची किंमत −१० आहे. दहा एकक म्हणजे उणे एक दशक. म्हणून नियम:

स्तंभाची बेरीज ० ते ९ असेल तर तीच लिहा.
१० किंवा जास्त असेल तर दहा वजा करून लिहा, हातचा −१.
ऋण असेल तर दहा मिळवून लिहा, हातचा +१.

दोन संख्यांच्या बेरजेत एवढे पुरते. जास्त संख्या एकदम मिळवल्या आणि बेरीज २७ झाली तर ७ लिहून हातचा −२. जितके दहा काढले तितका ऋण हातचा, जितके दहा घातले तितका धन.

८ अधिक ७ करू. एकक: १५, लिहा ५, हातचा −१. दशक: ० + ० − १ = −१, लिहा ९, हातचा +१. शतक: १. उत्तर १९५, म्हणजे १०० − ९० + ५ = १५. दोन एकअंकी संख्यांची बेरीज तीन अंकी आली यात घाबरण्यासारखे काही नाही. दोन अंकी धन संख्या इथे नसतेच.

सवयीने चूक होते ती दशकाच्या पायरीवर. हातचा −१ आला आणि त्या स्तंभात काहीच नाही असे दिसले की हात ‘संपले’ म्हणून थांबतो. स्तंभ रिकामा असला तरी हातचा शून्य होईपर्यंत पुढे जायचे.

विरुद्ध संख्यांची बेरीज हा उत्तम पडताळा. ४४५ आणि १७७५ मिळवा. एकक ५ + ५ = १०, लिहा ०, हातचा −१. दशक ४ + ७ − १ = १०, लिहा ०, हातचा −१. शतक ४ + ७ − १ = १०, लिहा ०, हातचा −१. हजार १ − १ = ०. शून्य. चिन्हांचा कुठेही विचार न करता.

वजाबाकीला तोच नियम, स्तंभात फरक घ्यायचा एवढेच. १९३ (म्हणजे १३) मधून ४४५ वजा करू. एकक ३ − ५ = −२, लिहा ८, हातचा +१. दशक ९ − ४ + १ = ६. शतक १ − ४ = −३, लिहा ७, हातचा +१. हजार १. उत्तर १७६८, म्हणजे −३५२. लहानातून मोठी वजा करताना आदलाबदल करावी लागत नाही.

गुणाकारात हातचा फक्त मोठा होतो. १९३ × ७: ३ × ७ = २१, लिहा १, हातचा −२. ९ × ७ = ६३, वजा २ म्हणजे ६१, लिहा १, हातचा −६. १ × ७ = ७, वजा ६ म्हणजे १. उत्तर १११, म्हणजे १०० − १० + १ = ९१. आता १७ (म्हणजे −३) ने गुणायचे तर १११ खाली एक घर सरकवून १९३०, आणि बेरीज: १; ४; १ + ९ = १० चे ०, हातचा −१; १ − १ = ०. उत्तर ४१, म्हणजे −४० + १ = −३९. ऋण गुणिले धन म्हणजे ऋण हा नियम कुठेच वापरावा लागला नाही.

भागाकार मात्र या पद्धतीत करू नये. प्रत्येक टप्प्यावर भागाकाराचा अंक अंदाजाने घ्यावा लागतो आणि उरलेल्या भागाचे चिन्ह सारखे पालटत राहते. दशमानात नेऊन भागावे आणि उत्तर परत आणावे.

ऋण दोनमधला न संपणारा हातचा

ऋणद्विमानात २ चे लेखन ११०. त्यामुळे अनेक ठिकाणी बेरजेचा नियम ‘१ आणि १ झाले की ० लिहा आणि डावीकडच्या दोन घरांत १-१ हातचा द्या’ असा सांगितला जातो. नियम चुकीचा नाही, पण धोक्याचा आहे. ११ (म्हणजे −१) आणि १ मिळवून पाहा. पहिल्या घरात दोन, तिथे ०, पुढच्या दोन घरांना १-१. दुसऱ्या घरात आधीचा १ आणि हातचा १, पुन्हा दोन, पुन्हा पुढच्या दोघांना १-१. तिसऱ्यात पुन्हा दोन. हे कधीच थांबत नाही, आणि उत्तर तर शून्य आहे.

ऋण हातच्याचा नियम वापरला तर हे होत नाही. पहिल्या घरात २, लिहा ०, हातचा −१. दुसऱ्यात १ − १ = ०. संपले. दोन संख्यांच्या बेरजेत स्तंभाची बेरीज −१ ते ३ यांच्या बाहेर जात नाही, म्हणून पूर्ण कोष्टक पाच ओळींचे: ३ असेल तर १ लिहा, हातचा −१, २ असेल तर ० आणि −१, १ किंवा ० तसेच, हातचा नाही, −१ असेल तर १ लिहा, हातचा +१.

विरुद्ध संख्या काढायला बिट उलटवून चालत नाही. पण −१ चे लेखन ११ असल्याने एक सोपी युक्ती आहे: संख्या एक घर डावीकडे सरकवा आणि तिच्यातच मिळवा. ६ म्हणजे ११०१०. त्यात ११०१०० मिळवले की १११०, म्हणजे −६.

विभाज्यतेच्या कसोट्या

पाया बदलला की कसोट्या बदलतात, आणि ऋण दहात त्या बघण्यासारख्या आहेत. −१० ला ११ ने भागले की बाकी १ उरते. म्हणून ऋणदशमानात अंकांची साधी बेरीज ११ ची बाकी देते. आणि ९ साठी −१० ची बाकी −१ येते, म्हणून ९ साठी एक सोडून एक अधिक-उणे करायचे, एककापासून सुरू करून. दशमानात याच्या बरोबर उलट असते.

१७०३४ (म्हणजे २९७४) वर करून पाहू. अंकांची बेरीज १५, ११ ची बाकी ४. दशमानात २९७४ = ११ × २७० + ४. जुळले. आता ४ − ३ + ० − ७ + १ = −५, म्हणजे ९ ची बाकी ४. दशमानात २ + ९ + ७ + ४ = २२, बाकी ४. तेही जुळले. ३ ची कसोटी ९ सारखीच, अधिक-उण्याची.

२, ५, १० यांच्या कसोट्या जशाच्या तशा, शेवटचा अंक बघायचा. ४ साठी एककात दशकाची दुप्पट मिळवा.

७, ११ आणि १३ यांची एकत्र कसोटी इथे दशमानापेक्षा सरळ आहे. ७ × ११ × १३ = १००१, आणि −१००० ला १००१ ने भागले की बाकी १. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि गटांच्या किमतींची नुसती बेरीज करायची. दशमानात गट आळीपाळीने अधिक-उणे करावे लागतात. १७०३४ चे गट ०३४ आणि १७. इथे सांभाळायचे ते हे, की गटाची किंमतही ऋण पायातच वाचायची: ०३४ म्हणजे −२६, १७ म्हणजे −३. बेरीज −२९. ७ ची बाकी ६, ११ ची ४, १३ ची १०. तिन्ही २९७४ शी जुळतात. ०३४ ला चौतीस समजले तर सगळे बिघडते.

ऋण दोनमध्ये −२ ला ३ ने भागल्यावर बाकी १ येते. त्यामुळे ३ ची कसोटी याहून सोपी होऊच शकत नाही: लेखनातले १ मोजा. ती मोजणी तीनच्या पटीत असेल तर संख्याही तीनच्या पटीत. ६ म्हणजे ११०१०, तीन एक. −९ म्हणजे १०११, तीन एक. ५ म्हणजे १०१, दोन एक, आणि ५ ला ३ ने भागले की बाकीही दोनच.

मास्क वापरून एका झटक्यात

संगणकावर ऋणद्विमानात जायला फेरा लागत नाही. १९७२ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेच्या टिपणांत आलेली रिचर्ड श्रोपेल यांची युक्ती अशी: विषम स्थानांवर (उजवीकडचे पहिले स्थान शून्य धरून) १ असलेला मास्क, म्हणजे बिटांचा ठरावीक साचा, घ्या, आठ बिटांसाठी १०१०१०१०, म्हणजे १७०. संख्येत मास्क मिळवा आणि आलेल्या उत्तराची मास्कशी एक्सॉर क्रिया करा (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०). परत यायचे असेल तर उलट क्रमाने: आधी एक्सॉर, मग मास्क वजा.

६ साठी: ६ + १७० = १७६, द्विमानात १०११००००. मास्कशी एक्सॉर केले की ०००११०१०, म्हणजे ११०१०. −६ साठी: १६४, द्विमानात १०१००१००, एक्सॉरनंतर ००००१११०.

हे चालते कारण ऋणद्विमानात विषम स्थानावर १ म्हणजे त्या घाताची वजाबाकी. त्यात तोच घात मिळवला की १ चे ० होते, आणि ० असेल तर १ होतो. म्हणजे मास्क मिळवल्यावर विषम बिट उलटे झालेली साधी द्विमान संख्या हातात येते. एक्सॉर ते बिट पुन्हा सुलटे करते.

क्रम बदलून आधी एक्सॉर आणि मग बेरीज केली तर उत्तर चुकते. बिटांची मर्यादा ओलांडली तर कसलीही सूचना मिळत नाही: आठ बिटांत ८६ दिले की ८६ + १७० = २५६, नवव्या बिटातला १ गळून जातो, शून्य उरते आणि एक्सॉरनंतर १०१०१०१० येते, म्हणजे −१७०.

रूपांतराचा प्रोग्राम तपासताना मधल्या संख्यांपेक्षा पट्ट्यांची टोके द्या. ऋणद्विमानासाठी ०, १, २, ५, ६, २१, २२, ८५ आणि −१, −२, −३, −१०, −११, −४२, −४३, −१७०. प्रत्येकीची लांबी सम-विषम बघा, १ मोजून ३ ची बाकी जुळवा, परत रूपांतर करून मूळ संख्या मिळते का पाहा. बाकी ऋण ठेवल्याची चूक −१ वर सापडते, शून्याची ० वर, आणि बिटांची मर्यादा विसरल्याची ८६ वर.

अपूर्णांकांकडे वळलात तर एकमेव लेखनाची हमी सुटते. ऋणदशमानात ०.०९०९०९… आणि १.९०९०९०… या दोन्हींची किंमत एकच आहे: १/११. पहिल्यात ९/१०० पासून सुरू होणारी धन श्रेणी आहे, दुसऱ्यात १ मधून १०/११ वजा होतात. त्यामुळे वरच्या तुलनेच्या नियमाचा शेवटचा आधारही तिथे कमी पडतो आणि तो पूर्णांकांपुरताच वापरावा लागतो.